डाव्या पाकळीला जरा जास्त गंध

देवाच्या कौलात मी लबाडी केली. एकट्याने नाही, गुरवाला सोबत घेऊन केली. पण कल्पना माझी होती, तेव्हा पापही माझंच.

मी डोळे तपासणारा तंत्रज्ञ. डॉक्टर नव्हे. मालवणातल्या एका हॉस्पिटलतर्फे गावोगावी कॅम्प घेतो, मोतीबिंदूचे पेशंट शोधतो आणि ठरल्या तारखेला त्यांना गाडीत घालून ऑपरेशनला आणतो. बावीस वर्षं हेच करतोय.

आबा त्या यादीतले. डोंगराकडच्या गावात भात आणि काजू करणारे, वय अठ्ठ्याहत्तर. गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. देवाला खड्या आवाजात विनवायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आवाज खणखणीत, डोळे मात्र गेलेले. डाव्या डोळ्याने फूटभर अंतरावरची बोटं कशीबशी मोजत. उजव्यातला मोतीबिंदू पिकून पांढरा झाला होता, नुसता उजेड कळायचा. असा मोतीबिंदू फार दिवस ठेवला तर डोळ्यातलं प्रेशर वाढू शकतं. त्यात मागची नस गेली की ऑपरेशन करूनही दिसत नाही.

दोनदा तारीख दिली. दोनदा आबा गाडीत बसले नाहीत. पहिल्यांदा अमावस्या होती. दुसऱ्यांदा म्हणाले, गाडीचा रंग बरा नाही. ज्याला गाडी दिसत नव्हती त्याला रंग कुठून दिसला, हे विचारायचं मला सुचलं नाही.

"काय कारण सांगतात?" आमच्या डॉक्टर मॅडमनी विचारलं.

"गाडीचा रंग, मॅडम."

"मग गाडी रंगवा. पण गुरुवारी माणूस टेबलावर हवा. आणखी थांबण्यासारखा डोळा नाहीये तो."

मी पुन्हा आबांकडे गेलो. ते म्हणाले, "सोमवारी देवाचो कौल घेतंय. देव व्हय म्हणालो तर येतंय."

आमच्याकडे कौल घेतात तो असा. गुरव देवाच्या मूर्तीला उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो. प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत एक डोळा पाकळीवर सोडायची ही माझी पहिलीच वेळ. मी दिगू गुरवाला चहाच्या टपरीवर गाठलं. तो माझ्याच वयाचा, शाळेपासूनचा ओळखीचा.

"आबांचे डोळे बरे होवक व्हये का नको?" मी विचारलं.

"व्हये रे बाबा. गेल्या जत्रेक देवाचो हार माज्या गळ्यात घातल्यान. चार बायका माज्या पायां पडान गेल्यो."

"मगे डाव्या पाकळेक जरा जास्त गंध लाव. उजवी नुसत्या पाण्यान."

दिगू बराच वेळ चहा ढवळत राहिला. साखर कधीच विरघळली होती. शेवटी म्हणाला, "विचारल्यान तर तुजा नाव सांगतलंय."

सोमवारी सकाळी देवळात दहा-बारा माणसं होती. दिगूने पाकळ्या लावल्या. उजवी एका बोटात. डावी मात्र त्याने इतकी दाबून लावली की मलाच लाज वाटली. आबा हात जोडून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तुज्या लेकराक हे लोक हॉस्पिटलात नेवक बघतत."

"व्हय म्हाराजा."

"लेकरान घराकडेच रवाचा, ऑपरेशन करूचा नाय, अशी तुजी इच्छा आसली, तर उजवो कौल दी."

माझ्या तोंडातून 'व्हय म्हाराजा' निघालं नाही. दिगूने माझ्याकडे पाहिलं, मी दिगूकडे. एकदा लावलेल्या पाकळीला हात लावता येत नाही. अर्ध्या मिनिटात उजवी पाकळी टपकन पडली. डावी निवडणुकीच्या पोस्टरसारखी चिकटून होती.

"देवान सांगल्यान," आबा शांतपणे म्हणाले आणि काठी टेकत घरी गेले.

"आता तूच निस्तर," दिगू म्हणाला.

कौल खोटा होता हे सांगावं तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. न सांगावं तर आबांचा डोळा जातो, आणि तो माझ्या गंधाने जातो. बुधवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो.

आबा चुलीपुढे वाकून फुंकणीने जाळ करत होते. धुरात डोळे चोळत त्यांनी पेज उतरवली, वाटीत चाचपत ओतली आणि आतल्या खोलीत नेली. आजी, म्हणजे आबांच्या पत्नी, अंगावरून वारं गेल्यामुळे तीन वर्षं खाटेवर होत्या. आबांनी चमचा त्यांच्या ओठाला लावला. एक चमचा हनुवटीला लागला, तशा आजी म्हणाल्या, "थंय नाय, हंय." दोघं हसली.

मी दारातच सगळं सांगून टाकलं. गंध, पाणी, टपरी, सगळं.

"माहीत आसा," आबा म्हणाले.

"कसा?"

"दिगू चाळीस वर्सां पाकळी लावता. एका बोटाचो आवाज येता. त्या दिवशी डाव्या पाकळेक तीनदा थापटल्यान. माका दिसणा नाय रे झिला, ऐकाक येता. म्हटलंय, चला, प्रश्नच उलटो करूया."

"पण मग तुमी येणास नाय कित्या?"

"गाडीचो रंग ऐकलंस, तिथी ऐकलंस, देवाक पण मधी घातलंस. ह्या पयल्यांदाच माका विचारतंस."

कारण समोर खाटेवर होतं. ऑपरेशननंतर काही आठवडे वाकायचं नाही, धूर लागू द्यायचा नाही, हे मीच कॅम्पमध्ये माइकवर सांगितलं होतं. चूल कोण पेटवणार? आजी आबांच्या किंवा मुलीच्याच हातून खात. मुलगी दूर रेडी गावात दिलेली, तिच्या घरी तिची सासू आजारी.

तासाभरात तोडगा निघाला. पेज दिगूच्या घरून यायची. त्याने ती शिक्षा म्हणून मान्य केली. आबांनी स्टुलावर ताठ बसून फक्त भरवायचं. ऑपरेशनच्या दिवशी मुलगी यायची. दुसऱ्या दिवसापासून डोळ्यात थेंब घालायला मी.

"आनी देवाचो कौल?" मी घाबरत विचारलं.

"खोटो कौल, खोटो प्रश्न. फिटांफाट. देव हसलो आसतलो. पण माफी तू मागतलंस, आनी मागताना तुजा तोंड माका बघूचा आसा. म्हणान ऑपरेशन आधी."

गुरुवारी आबा गाडीत बसले. रंगाबद्दल काही बोलले नाहीत. शुक्रवारी पट्टी काढली, तेव्हा माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "अरे, तू म्हातारो झालंस. मी तुका पोरगो समजा होतंय."

तेव्हापासून पेशंट नाही म्हणाला की मी आधी त्याच्या घरी चूल कोण पेटवतं ते विचारतो. यादीत त्यासाठी रकाना नाही, म्हणून मार्जिनमध्ये लिहितो.

डोळा पूर्ण बरा झाल्यावर एका सोमवारी आबांनी मला देवापुढे उभं केलं. मी म्हणालो, "आबानू, माजा चुकला. तुमका न विचारता तुमचा ठरवलंय. माका माफ करा." ते माझं तोंड बघत राहिले, अगदी सावकाश, नव्या डोळ्याने. मग देवाकडे वळले.

"बा देवा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले.

"ह्या डोळेवाल्यान तुज्या कौलात हात घातल्यान. गंध पण तुजाच वापरल्यान."

"व्हय म्हाराजा." कोणीतरी मागे हसलं. दिगू खांबाआड गेला.

"परत असा करूचो नाय म्हणता. त्येका सांभाळून घे."

सगळे गप्प राहिले. हे वाक्य माझ्यासाठी ठेवलं होतं.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.