गाठोड्यातलं धान

माझा स्वभाव संशयी आहे. दूधवाला पाणी घालत नाही हे माहीत असूनही मी रोज दुधात बोट बुडवून बघतो. बालाघाटच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं, तिथं मात्र या स्वभावाचं चीज झालं. कॉपी पकडण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. बरोबर उत्तरांकडे मी बघतच नसे, ती कुणाचीही सारखी येतात. पण दोन पेपरांत एकाच ठिकाणी एकच वेडगळ चूक दिसली, की दोघांनी एकाच जागेवरून उतरवलंय हे नक्की.

त्यामुळे वासाच्या धानाची पानं गोळा करत गावोगाव फिरणारी ती संशोधक मुलगी आमच्या शेतावर आली, तेव्हा मी तिला बांधावरच अडवलं. आमचं घरचं धान आखूड दाण्याचं. भात शिजला की शेजारी विचारायला येतात. हिला ते कशाला हवं? उद्या भलत्याच कुणाच्या नावावर बाजारात आलं तर? तिनं न चिडता समजावलं. प्रत्येक पेशीत वंशाचा मजकूर असतो. तो पिढ्यान्‌पिढ्या उतरवला जातो, उतरवताना चुका होतात आणि त्या चुकाही पुढे उतरतात. ज्यांच्यात त्याच चुका, त्यांचा पूर्वज एक. क जीवनसत्त्व तयार करणारा मजकूर माणसात बिघडलेला आहे, आणि समोर झाडावर बसलेल्या वानरांतही तोच बिघडलेला आहे, असं ती म्हणाली. मी वानरांकडे जरा निरखून पाहिलं. ही पोरगी माझीच पद्धत मला शिकवत होती, आणि ती मला लगेच पटली याचा रागही आला.

मग माझ्या डोक्यात वेगळंच शिजू लागलं. मी लहान असताना घराची वाटणी झाली आणि काका-काकू राजेगावला राहायला निघाले. माझ्या वडिलांनी सगळ्यांसमोर काकूला गाठोडं सोडायला लावलं. आत या धानाची पुरचुंडी निघाली. "हे माह्या माहेरचं होय," एवढंच काकू म्हणाली. कुणी ऐकलं नाही. पुरचुंडी वडिलांनी नेऊ दिली, पण आमच्या घरात काकूचं नाव चोरटी पडलं ते पडलंच. काका गेले, वडील गेले. काकू अजून राजेगावला मुलाजवळ आहे. आता पुरावाच मिळेल, असं मला वाटलं. मी त्या मुलीला काकूच्या शेताचा पत्ता दिला, आणि पुढे कुणाला बोलायला जागा नको म्हणून लांजीकडच्या काकूच्या माहेरचाही.

काही महिन्यांनी मुलीचा फोन आला. आमचं आणि काकूचं धान एकाच घरचं. मी मनात म्हटलं, सापडली. पण मुलगी पुढे बोलत राहिली. त्याच चुका काकूच्या माहेरच्या धानात होत्या, आणि आमच्या गावात दुसऱ्या कुणाच्याच वासाच्या धानात नव्हत्या. मी लगेच म्हटलं, काकूनंच इथून माहेरी पाठवलं असेल. तसं दिसत नाही, ती म्हणाली. लांजीकडे या वंशाच्या कितीतरी फांद्या आहेत, तुमचं धान त्यातल्या एका फांदीवरचं एक पान, म्हणजे ते तिकडूनच तुमच्याकडे आलंय.

पाकिटांची अदलाबदल झाली असेल, असं म्हणून मी तिन्ही ठिकाणची पानं स्वतः तोडली, पाकिटांवर सह्या केल्या आणि पुन्हा पाठवली. उत्तर तेच आलं. आता संशय घ्यायला कुणी उरलं नव्हतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, कारण ताटात तोच भात होता.

राजेगावला गेलो तेव्हा काकू अंगणात खाटेवर बसली होती. मी सगळं सांगितलं. वडिलांचं चुकलं, आणि आमचंही, असं म्हणालो.

"मी सांगतलं तवा पटलं नाही," ती म्हणाली. "पानानं सांगतलं त पटलं."

मी उठलो, पाया पडलो, खांद्याला पिशवी लावली.

"पिशवी दाखव," काकू म्हणाली.

ती हसत नव्हती. मी पिशवी खाटेवर ठेवली आणि तिच्यासमोर उघडली. तिनं दुपट्टा बाजूला केला, पाण्याची बाटली उचलून बघितली, तळाशी हात फिरवला. मग म्हणाली, "हौ, जा आता."