वरच्या दोन ओळींचा ताण

मी जन्माची भित्री. पण इथे लिहितेय ती भीती मला कॉलेजात शिकल्यामुळे लागली.

नेकनूरजवळ आमची मोसंबीची बाग होती. थंडीत आबा, म्हणजे माझे वडील, बागेचं पाणी महिनाभर तोडायचे. याला ताण देणं म्हणतात. तहानलेलं झाड वाढ थांबवतं, थोडी पानं गाळतं, आणि मग पाणी मिळालं की फुलतं. ताण कमी पडला तर नुसता पाला फुटतो, जास्त झाला तर झाड जातं. मधली वेळ आबांना बरोबर कळायची. दुपारी मुडपलेलं पान सकाळी उघडलेलं दिसलं, तर झाडात दम आहे, असं ते म्हणायचे.

मी तेव्हा बीडला बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते. बाग ताणावर होती त्याच आठवड्यात आम्ही पानाच्या पापुद्र्यावर मिठाचं पाणी घालून सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. पेशीच्या आतला जीव भिंत सोडून आकसत गेला. साधं पाणी घातलं की पुन्हा फुगायचा. माझी एक काच मात्र गप्पांच्या नादात मिठातच राहिली, आणि नंतर कितीही पाणी घातलं तरी ती पेशी उठली नाही. घरी आले तर सगळी बागच मला तशी दिसायला लागली. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली पोर, दुसरं काय!

त्यातच आत्या आजारी पडली आणि आबा चार दिवसांसाठी धारूरला गेले. जाताना म्हणाले, "नुसतं बघायचं. पानी सोडू नको."

तिसऱ्या दिवशी सकाळी वरच्या दोन ओळींची पानं उघडलीच नाहीत. तिथली जमीन मुरमाड, लवकर सुकणारी. मला ती मिठातली पेशी आठवली. स्टँडवर नुकताच एसटीडी बूथ झाला होता, आत्याच्या शेजाऱ्यांचा नंबरही होता. बूथपर्यंत गेले आणि आबा हसतील म्हणून परत फिरले. दुपारी लाईट आली तशी मोटर चालू केली. त्या दोन ओळींना पाणी दिलं आणि ओल दिसू नये म्हणून वरून खुरप्यानं कोरडी माती ओढली. ती झाडं अजून आठवडाभर सहज तगली असती, हे मला फार नंतर कळलं.

आबा आले, बागेत फिरले. "वरच्या वळी लई तरतरीत दिसत्यात," एवढंच म्हणाले. ते पायानं माती उकरतील या धास्तीनं मी घरातून बाहेर पडले नाही.

पुढे त्यांनी साऱ्या बागेचा ताण तोडला, म्हणजे पाणी सोडलं. बाग पांढरीशुभ्र झाली, सुवास घरापर्यंत यायचा. वरच्या दोन ओळींना मात्र नुसता हिरवागार पाला. आबा तिथे कितीतरी वेळ उभे राहिले. "मुरमाडात असून ह्यांना ताण कावून पुरला न्हाई?" ते स्वतःशीच बोलत होते. तेव्हाच सांगायला हवं होतं. त्यांनी माझ्यावर कधी हात उगारला नव्हता. पण पुन्हा बाग माझ्यावर सोपवणार नाहीत, याचीच मला भीती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही.

पुढच्या थंडीत आबांनी बाकीच्या बागेला पाणी दिलं आणि त्या दोन ओळी आणखी पंधरा दिवस कोरड्या ठेवल्या. बसमधून उतरले की मी आधी तिकडे जायचे. पानं गळायची थांबली होती, फांदीवरच वाळत होती; हे झाड जात असल्याचं लक्षण. एकदा हिय्या करून हाक मारली, "आबा..."

"काय गं?"

"कायी न्हाई. जेवाया चला."

शेवटी त्यांनी पाणी सोडलं. आठ दिवस गेले, पंधरा गेले, एक डोळा फुटला नाही. त्यांनी बुंध्याभोवतीची आळी पुन्हा पाण्यानं भरली, पुन्हा भरली. मग नखानं एका खोडाची साल खरवडली. आत हिरव्याऐवजी सगळं तपकिरी. दुसऱ्याची खरवडली, तिसऱ्याची खरवडली. मग ते बांधावर बसले.

"तू झाडाचंच शिकतीस ना माय? सांग बरं, माझं काय चुकलं?"

"तुमचं कायी न्हाई चुकलं, आबा."

ते खरंच होतं. त्यांना वाटलं, पोरगी समजूत घालतेय. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. पुढच्या वर्षीपासून ताण कधी तोडायचा, हे ते शेजारच्या बागाईतदाराला विचारायला जाऊ लागले.