तिसऱ्या गाण्यातला थेंब

कारखान्यात तिला सगळे तोंडावर ‘ताई’ म्हणत आणि पाठीमागे ‘कानसेन’. तिला दोन्ही ऐकू येई. ऐकू येत नाही असं तिच्या बाबतीत काही नव्हतंच. त्याचाच तर पगार मिळत होता.

कारखाना गाण्यांच्या तबकड्यांचा. धातूच्या दोन साच्यांमध्ये गरम काळा गोळा दाबला की गाणं छापून बाहेर. पण शेकड्यांनी छापण्याआधी पहिला नमुना ताईच्या खोलीत जायचा. खोली कसली, मोठं कपाटच. भिंतींना जाड करडं कापड, खिडकी नाही, एक टेबल, एक यंत्र, एक पेन्सिल. ताई सुई टेकवणार, खरखर सापडली तर कागदावर खूण, टकटक सापडली तर खूण, आणि सगळं ठीक असेल तर खाली सही. सही झाली की छपाई सुरू. नाही झाली तर खुद्द मालक आला तरी यंत्र हलायचं नाही.

बावीस वर्षांत हजारो गाणी तिच्या कानावरून गेली आणि तिने एकही ऐकलं नव्हतं. “गाण्यात शिरलं की दोष सुटतो,” ती म्हणे. “स्वयंपाकीणच जेवायला बसली तर चुलीवरचं कोण बघणार?” घरी नवरा न्हाणीघरात सूर लावू लागला की ती बाहेरून ओरडे, “दुसऱ्या ओळीत खरखर आहे!”

“मग नापास कर,” आतून उत्तर येई, “पण टॉवेल दे!”

आणि तिचं उजवं बोट. तबकडीला एक फेरी पुरी करायला लागतो तेवढा वेळ त्या बोटात मुरला होता. दोन सेकंदांना थोडा कमी. साच्यावर ओरखडा असला तर दर फेरीला टक् होतं, अगदी मोजून मापून. माणूस तसा आवाज करत नाही. माणूस कुठेतरी घाई करतो, कुठेतरी रेंगाळतो. म्हणून टक् ऐकलं की आधी बोट आपटून बघायचं, हा तिचा पहिला धडा.

तो मंगळवार होता. नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘एक आवाज, एक गिटार. घरच्या स्वयंपाकघरात, एकटीने.’ ताईने पेन्सिलीला टोक काढलं. असली मोकळी गाणी म्हणजे डोकेदुखी. रंगीत चादरीवर डाग खपून जातो, पांढऱ्या उशीवर नाही.

सुई टेकली. मुलगी गात होती, पण गात होती असं म्हणणं जरा जास्तच झालं. शेजारच्या खोलीत कुणीतरी नुकतंच झोपलंय आणि त्याला उठवायचं नाही, असा तो आवाज. गिटारची एक तार, मग बराच वेळ काही नाही. दुसऱ्या गाण्यात खुर्ची कुरकुरली. ताईने पेन्सिल उचलली आणि परत ठेवली. खुर्ची त्या मुलीची होती.

तिसरं गाणं पाहुणे गेल्यावर कपबशा विसळणाऱ्या बाईचं. मोजून पाच कप काढले होते, चौघेच आले. न वापरलेला पाचवा कपही ती विसळते, एवढंच. आणि त्या गाण्यात मागे कुठेतरी नळ ठिबकत होता. टिप्. ओळ. टिप्. ओळ. ताईने डोळे मिटले. डोळे मिटल्याचंही तिला कळलं नाही.

ती बाजू संपली, सुई आपोआप उचलली गेली, तेव्हा कागद कोरा होता. तिने दुसरी बाजू लावली. तीही कोरी. कोरा कागद म्हणजे निर्दोष नमुना. ताईने सही केली, आणि आयुष्यात पहिल्यांदा नमुना लगेच परत न देता थोडा वेळ मांडीवर धरून बसली.

दुपारच्या सुट्टीत छपाईयंत्रावरचे वाफेकाका समोर डबा घेऊन बसले. अंगाला कायम वाफेचा वास, म्हणून वाफेकाका.

“काय ताई, आज चेहरा उजळलाय. नापास करायला खूप काही मिळालं वाटतं?”

“उलट. एकसुद्धा खूण नाही.”

“अरे बापरे! सूर्य कुठून उगवला? सही मिळाल्या मिळाल्या लावलं मी यंत्र. शंभराच्या वर निघाल्या असतील.” काकांनी घास घेतला, मग थांबले. “पण तुम्ही झाकणावर फेरी कशाला मोजताय?”

“कुठे?”

“आत्ता. बोट बघा की.”

ताईने बोट बघितलं. डब्याच्या झाकणावर ते एकटंच चाललं होतं. टिप्. टिप्. टिप्. ती फेरी मोजत नव्हती. ती तिसरं गाणं आठवत होती.

तिने हातातला घास परत डब्यात ठेवला. नळ असा ठिबकत नाही. नळाचा एखादा थेंब लोंबकळतो, एखादा दोन घेऊन पडतो. हा एकदाही चुकला नव्हता.

“काका, यंत्र थांबवा.”

“अहो, जेवण तरी…”

“थांबवा!”

छपाईखात्याच्या जिन्यावरून ताई धावताना आजवर कुणी पाहिली नव्हती. यंत्र थांबलं तेव्हा एकशे बेचाळीस तबकड्या निघाल्या होत्या. तिने एक उचलून दिव्याखाली तिरकी धरली. तिसऱ्या गाण्याच्या पट्ट्यात, मधून कडेकडे जाणारी, केसाएवढी रेघ.

कारखान्याचे साहेब तिथे आले. “ताई, तुमची सही आहे यावर.”

“आहे.”

“नवा साचा यायला आठवडा. गाणाऱ्या मुलीचा कार्यक्रम शनिवारी. तिथे रिकाम्या हाताने पाठवू तिला?” साहेबांनी आवाज खाली आणला. “आणि मला सांगा, तुम्हाला जो नळ वाटला, तो बाकीच्यांना काय वाटणार? नळच ना? स्वयंपाकघर आहे, नळ आहे. कुणाला कळणार आहे?”

ताईने तबकडी पुन्हा दिव्याखाली धरली. खरंच कुणाला कळणार नव्हतं. सही झाली होती, कागद कोरा होता, नोकरीवर आच नव्हती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिला स्वतःलाच तो थेंब हवा होता. तो गेला तर त्या बाईचं स्वयंपाकघरच जाईल असं तिला वाटत होतं.

“तिला विचारा,” ती शेवटी म्हणाली.

साहेबांनी फोन लावला आणि तिच्याच हातात दिला. तुमचं तुम्ही निस्तरा.

“नळ?” पलीकडे तोच आवाज, पण जागा झालेला. “अहो, नळ तर मी फडकं बांधून गप्प केला होता! अर्धा दिवस त्यातच गेला माझा.”

“मग तो आमचा ओरखडा. चूक माझी. मी ऐकला आणि पास केला.”

पलीकडे खुर्ची कुरकुरली. दुसऱ्या गाण्यात कुरकुरली होती तीच.

“फार वाईट वाटतो का हो? शनिवारी लोक येणार आहेत.”

साहेब हाताने खुणा करत होते, ‘नाही’ म्हणा, ‘नाही’ म्हणा. ताईने त्यांच्याकडे पाठ केली.

“नाही. छान वाटतो. इतका छान की मी फसले. पण तो तुमचा नाही, बाळा. तुम्ही फडकं बांधलं होतं.”

“मग काढा,” मुलगी म्हणाली. “शनिवारी मी नुसतीच गाईन.”

एकशे बेचाळीसच्या एकशे बेचाळीस भरडायला गेल्या. ताईला लेखी ताकीद मिळाली, तिने ती सही करून स्वीकारली. वाफेकाका दोन दिवस घुश्शात होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “माझ्या बायकोला बोट वाजवायची सवय असती, तर माझ्याही बऱ्याच चुका टळल्या असत्या.”

पुढच्या मंगळवारी नवा नमुना आला. ताईने सुई थेट तिसऱ्या गाण्यावर नेली. टिप् नव्हतं. तिने बोट मुठीत आवळलं. पहिली ओळ. शांतता. आणि त्या शांततेत, थेंब पडायचा त्याच्याच आसपास, मुलगी श्वास घेत होती. कधी घाईने, कधी रेंगाळत. पाचव्या कपापाशी तर तिने तो घेतलाच नाही, तशीच गायली. मागच्या मंगळवारी थेंबाने ते सगळं झाकलं होतं.

ताई पूर्ण ऐकून बाहेर आली आणि कागद साहेबांसमोर ठेवला. सहीची जागा रिकामी.

“आता काय सापडलं?”

“काही नाही. म्हणूनच. दुपारपाळीला तपासणाऱ्या बाईंना ऐकू द्या. ही तबकडी मला तपासता येणार नाही, साहेब. माझा कान फितूर झालाय.”

दुपारपाळीच्या बाईंनी दोनदा ऐकली, चहा मागवून तिसऱ्यांदा ऐकली, आणि सही केली. तोवर ताई जिन्यात उभी होती, परीक्षेला मूल बसवल्यासारखी.

छापून झाल्यावर त्यातली एक तिने रीतसर विकत घेतली. संध्याकाळी नवऱ्याने दार उघडलं, पिशवी बघितली.

“हे काय? वाजवणार कशावर? आपल्याकडे यंत्र कुठाय?”

“आधी घरात तर येऊ दे तिला,” ताई म्हणाली, आणि चपला काढून आत आली.