साळूबाईंची सीट

श्रीगोंद्याच्या साखर कारखान्यातल्या सहादेव फिटरनी जपानी सुझुकीची झेन गाडी घेतली, कारण ती परवडायची आणि वळणावर वासरासारखी उधळायची. खरी पळवली मात्र त्यांच्या ठेंगण्या बायकोनं, साळूबाईंनी, सीट पार पुढे ओढून. बाई वारल्यावर फिटर रोज सकाळी सीट मागे सारत. दुपारी ती पुढेच सापडे. सीट अडकवायचा खटका तपासला, तो घट्टच.

"फिटर, वहिनी बाजाराला गेल्त्या का?" शेजारी चिडवायचे.

लेकाकडे पुण्याला जायचं म्हणून फिटरनी गाडी विकायला काढली. काल गिऱ्हाईक सीट मागे सारून बसलं. उभ्या गाडीत सीट हळूच पुढे सरकली, गुडघे स्टिअरिंगला टेकले. गिऱ्हाईक उतरलं ते मागे न बघता गेलं.

"न्हाई इकायची," फिटर शेजाऱ्यांना म्हणाले. "तिचं अजून चालवून झालं न्हाई."

आणि गाडीत डाव्या सीटवर जाऊन बसले.