गाळाची वाटणी

केळीची पानं कडेनं करपायला लागली, तेव्हा आमच्या घरात मोठ्यानं बोलणं बंद झालं. विहीर मचूळ झाली होती. उरलं होतं बावखल, वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. तेही तीन घरांत सामाईक. ते आटलं की वाडी जाणार, आणि वाडीबरोबर माझं कॉलेज. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आई गजरे करून पापडीच्या बाजारात बसायची, त्यातून फी निघायची.

पूर्वेकडच्या नव्या इमारतींना टँकरनं पाणी जायचं, आणि ते टँकर भरायला टँकरवाल्याला आमच्या बावखलावर पंप बसवायचा होता. त्याची दोन माणसं मोटारसायकलवरून यायची, ओटीवर बसून चहा मागायची, बाबांना म्हणायची,

"काका, बाकीच्या घरांनी पंपाला हो म्हटलंय. तुमचंच अडलंय."

एकदा निघताना त्यातल्या एकानं माझ्या सायकलकडे पाहिलं. "पोरगी एकटीच जाते ना? रस्ता सुनसान आहे हो."

तेव्हापासून मागून मोटारसायकल आली की मी सायकलवरून उतरून कडेला उभी राहायची. शेजारी एकमेकांची नजर टाळू लागले. विचारायची छाती कुणाचीच नव्हती.

सभा बोलावली असती तर कुणी फिरकलं नसतं. पण गावच्या वाचनालयाची व्याख्यानमाला होती. एरवी बाहेरचे वक्ते यायचे, आम्ही जांभया दाबायचो. त्या वर्षी ग्रंथपालबाई घरोघर गेल्या. "यंदा वक्ते तुम्हीच. बावखलाची आठवण सांगा."

बाबा म्हणाले, "बाई, मला पानी शेंदता येतं, भाषण नाय." तरी गेले. ती दोन माणसंही आली, दाराशी उभी राहिली.

"वैशाखात तिन्ही घरं चिखलात उतरायची," बाबा म्हणाले. "गाळ टोपल्यांनी वाटून घ्यायची. आमचा आजा चिकट गाळ, सगळ्यात कसदार, गुपचूप आपल्या केळीला न्यायचा."

"गुपचूप कसला!" शेजारची ख्रिस्ती मावशी बसल्या जागेवरून ओरडली. "आमच्या आजीनं धरला होता त्याला, टोपलीसकट!"

सगळे हसले. त्या हसण्यात बाबांच्या तोंडून निघून गेलं, "मग मावशी, पंपाला हो कशाला म्हणालीस?"

हसू थांबलं. मावशी उठून उभी राहिली.

"मी? अरे, तू हो म्हणालास असं सांगून गेले ते!"

तिसऱ्या घरचे म्हातारे काठी टेकत उठले. "आमालापन तेच सांगितलं."

हो कुणीच म्हटलेलं नव्हतं. अख्खं सभागृह मागे वळून दाराकडे बघू लागलं. थोड्या वेळानं बाहेर मोटारसायकल सुरू झाली.

घरी येताना आईनं माझा दंड सोडला नाही. पण रविवारी, मावशीकडचे चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर, तिन्ही घरं बावखलात उतरली. कित्येक वर्षांत गाळ काढलाच नव्हता. मावशीनं पहिली टोपली बाबांपुढे आदळली. "घे, चिकट आहे. तुझ्या आज्याचा वाटा."

ती माणसं रस्त्यावरून बघत राहिली, मग गेली. पुढेही वर्षभर मी मागे वळून वळूनच सायकल मारली. व्याख्यानमालेनं काय होतं, असं कुणी हसत विचारलं तर मी त्याला आमच्या वाडीत घेऊन जाते.

पंप बसला नाही. बावखल आटलं नाही. मी बी.ए. झाले.