सात हंडे मीठ

मी मूळचा भित्रा. शाळेची घंटा मीच वाजवायचो आणि मीच दचकायचो. पण भित्र्या माणसाला देव एक वस्तू भरपूर देतो, ती म्हणजे जीभ. माझ्या जिभेने माझ्या सख्ख्या चुलत्याला तुरुंगाच्या दारात नेऊन उभं केलं, त्याची ही हकीकत. नेहमीइतकं वाढवून मी यात सांगणार नाही. जिथे वाढवीन तिथे तुम्हाला कळेलच.

मिठाच्या सत्याग्रहाचं ते साल. आमचं गाव पावसच्या अलीकडे, समुद्राला टेकलेलं. मी तिथल्या लोकल बोर्डाच्या शाळेचा मास्तर. खाली दक्षिणेला मिठागरांवर लोकांची डोकी फुटत होती, त्याच्या बातम्या गावात यायच्या. एका सकाळी काका म्हणाले, "आपूनपन करू या रे. घागरभर पानी नि चार लाकडं, दुसरं काय लागतंय?"

काका, काकू आणि मी, तिघांनी पुळणीच्या वाळूवर तीन दगडांची चूल मांडली आणि समुद्राचं पाणी आटवलं. निघालं ओंजळभर. करडं, निम्मी वाळू, तोंडात टाकलं की चेहरा वाकडा करणारं. काकांनी ते देवळात नेलं आणि गावातल्या प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटचिमूट ठेवलं. लोकांनी प्रसादासारखं खाल्लं. सरकारचं राज्य जागचं हललं नाही, आणि गोष्ट तिथेच संपली असती.

पण पुढच्या आठवड्यात मी शाळेच्या कामाला रत्नागिरीत गेलो आणि परतताना मांडवीला डोकावलो. मुंबईच्या आगबोटीला उशीर होता. बंदरावरच्या चहाच्या दुकानात एक छत्रीवाले गृहस्थ तिची वाट बघत बसले होते. काय सांगू, तसा ऐकणारा जन्मात मिळायचा नाही. माझ्या प्रत्येक वाक्याला त्यांच्या भुवया टोपीत शिरत होत्या. "खरं सांगता?" "मग?" "किती हंडे म्हणालात?"

अशा माणसाला ओंजळभर मीठ सांगणं म्हणजे त्याचा अपमान. मी सात हंडे म्हणालो. ते काकांच्या परसात अहोरात्र चुलीवर आहेत म्हणालो. काका म्हणजे म्होरके, त्यांनी हाक दिली की चाळीस गावं उठतात म्हणालो. आमच्या किनाऱ्याचा समुद्र हल्ली अळणी लागतो आणि बांगडे तक्रार करतात, हेही सोडलं नाही. गृहस्थांनी आणखी एक चहा मागवला आणि गावाचं नाव दोनदा विचारून घेतलं.

आगबोट आली, भोंगा झाला, सगळं बंदर धावलं. गृहस्थ जागचे उठले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते. मला हे लक्षात आलं तेव्हा मी भाट्याच्या तरीत, म्हणजे खाडीवरच्या होडीत, बसून अर्धी खाडी ओलांडली होती.

पुढचे आठ दिवस कसे गेले ते माझं मला ठाऊक. फळ्यावर 'श' काढला तर त्याच्या पोटात तीन गाठी पडायच्या, आणि मुलं इमानेइतबारे तीन गाठींचा 'श' गिरवायची. जंगलखात्याचा रखवालदार खाकी घालून गेला तेव्हा मी वर्गातल्या कपाटामागे होतो. भीती माझी नव्हती असं नाही, पण खरी भीती काकांच्या जिवाची होती. दम्याचा माणूस. एक वाक्य बोलायचं तर मधे दोनदा बसायचा. त्याला तुरुंगातल्या ओल्या फरशीवर निजवलं तर पहिल्या पावसाळ्यातच संपला असता. सांगून टाकावं म्हणून तीन वेळा त्यांच्या ओटीपर्यंत गेलो. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "तोंड का सुकलंय रे? लगीनबिगीन ठरलं काय?" मी हसलो आणि परत आलो.

नवव्या दिवशी सकाळी फौजदार आला. घाटावरचा माणूस, मिशा अशा की दोन शिपायांनी दोन टोकं धरून आणाव्यात. बरोबर शिपाई मात्र खरोखरच सहा होते. काकांचं परसू त्यांनी माडांच्या मुळापर्यंत उकरलं. सापडला एक हंडा, त्यात गुरांचं आंबोण. फौजदाराचं तोंड लाल झालं. सगळ्या गावाला देवळात जमवायचा हुकूम सुटला.

आता आमच्याकडचं गाऱ्हाणं ज्याला माहीत नाही त्याला पुढचं कळायचं नाही. गावावर काही संकट आलं, की एक मानकरी देवाच्या पायरीवर उभा राहतो, हात जोडतो आणि लांबण लावलेल्या आवाजात देवाला सांगणं सांगतो. प्रत्येक सांगण्याच्या शेवटी सगळा गाव एका तोंडाने म्हणतो, "होय महाराजा!" हे आम्हाला शिकवावं लागत नाही. पाळण्यातलं मूलसुद्धा ओठ हलवतं. आणि तो मान होता काकांचा. गाऱ्हाणं घालताना त्यांचा दमा कुठे जायचा कोण जाणे.

फौजदार देवभोळा निघाला. पायरीवर चढला, बूट काढले, देवाला हात जोडले आणि तसाच आमच्याकडे वळून लांब आवाजात म्हणाला, "सरकारचा कायदा मोडून, ह्या गावात, मीठ करण्यात आलेलं आहे..."

"होय महाराजा!"

देऊळ दणाणलं. फौजदार एक पायरी खाली आला. शिपायांनी काठ्या आडव्या धरल्या.

"गप्प! आणि ते मीठ तुम्ही सगळ्यांनी मिळून..."

"होय महाराजा!"

आता काय होतंय ते लोकांना समजलं होतं, पण भीतीने तोंडं आणखी मोठी उघडली. कुणी हसलं नाही. बायकांनी पोरांना पदरात घेतलं. फौजदाराला वाटलं, गाव बंडाला उभा आहे. तो ओरडला, "मला म्होरक्या हवाय! सात हंडेवाला! नाव सांगा, नाहीतर घरटी एक माणूस बांधून नेतो!"

मी तिसऱ्या खांबामागे होतो. 'सात' ऐकलं आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. आयुष्यात पहिल्यांदा.

काका खोकत पुढे गेले. पायरीवर चढले, फौजदाराकडे पाठ केली, देवाकडे तोंड केलं, आणि तो आवाज लागला.

"बा महाराजा, ह्या गावात मीठ शिजलं त्ये माज्या हातानं शिजलं. गावाचा त्यात काय दोष नाय. जो काय दंड असंल, तो माज्या एकट्याच्या माथ्यावर घाल, नि ही लेकरं सुखी ठेव रे महाराजा..."

"होय महाराजा!"

सगळा गाव म्हणाला. काकू म्हणाली. मी म्हणालो.

आपण कशाला होय म्हणालो ते तेव्हा कळलं. काकूने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. फौजदाराने कागदावर लिहून घेतलं, "कबुलीस सर्व गाव साक्षी," आणि काकांना घेऊन निघाला.

मी देवळात किती वेळ उभा होतो माहीत नाही. मग धावलो. भाट्यापर्यंत तीन कोस धावलो, निदान मला तेवढे वाटले. ती सगळी तरीच्या जवळ होती.

"साहेब, हंडे नव्हतेच! मी थाप मारली. ओंजळभर होतं, आणि ते करायला मीही होतो. मला न्या."

फौजदार मिशीतून हसला. "मास्तर, थाप तेव्हा मारलीत, का आत्ता मारताय?"

"तेव्हा, साहेब."

"तेव्हासुद्धा तोंड असंच केलं होतंत म्हणे. जा, पोरं शिकवा."

काका माझ्याकडे बघत होते. एकेक गोष्ट त्यांच्या डोळ्यांत जुळत गेली ती मी बघितली. "सात?" ते म्हणाले. "मेल्या, घरात एक हंडा, नि तू सात सांगितलंस?" त्यांना हसू आलं, हसता हसता खोकल्याची उबळ आली, आणि शिपायाने दंडाला धरून त्यांना तरीत बसवलं. वहाणा भिजू नयेत म्हणून त्यांनी त्या मांडीवर घेतल्या.

तर काठावरून सुटली. मी पाठमोरा झालो. आता जे सांगतो त्यात मी तिळभरही वाढवत नाही. मला नेलं नाही म्हणून मला बरं वाटलं होतं. मी निवांत चालत गावाच्या पाणंदीपर्यंत आलो. तिथे दगडी गडग्याला टेकून काकू उभी होती, मी काकांना सोडवून आणतोय का ते बघत.