हमिदाबीचा पडदा

निजामाचं राज्य जाऊन दहा वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. तुळजापुरात लालमहंमद कल्हईवाल्याचा हात जितका साफ, तितकंच डोकं गरम. भांड्याला साधा पोचा दिसला तरी त्याचा पारा चढायचा. नवरात्राआधी पुजाऱ्यांच्या घरची भांडी त्याच्याकडे ढिगानं यायची. तो तापल्या पातेल्यात कथील फिरवायचा आणि त्याची बायको हमिदाबी भाता चालवायची. खरं सांगायचं तर पंचवीस वर्षं तो धंदा हमिदाबीच्याच जोरावर चालला होता. लालमहंमद नुसता ओरडायला होता.

त्या पावसाळ्यात हमिदाबीच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी सुईनं पाणी काढलं, इंजेक्शनं दिली, तापही उतरला. पण दम काही परत येईना. बरगडीत कळ येईल या धास्तीनं ती खांदे उचलून वरच्या वर श्वास घ्यायची. चूल फुंकायला बसली तरी डोळ्यांपुढं अंधारी यायची. डॉक्टरांनी तपासून बजावलं, "बाई, दुखणं गेलंय, पण पडदा वरच अडकून बसलाय. तो खाली गेला पाहिजे. नाहीतर फुफ्फुसाचा तळ कायमचा मिटेल."

आता दवाखान्यात जायचं म्हणून हमिदाबीनं लग्नातला बुरखा पेटीतून काढून घातला होता, आणि जीभ दाखवायला त्याचा पडदा डोक्यावर टाकला होता. तो तिनं झटकन खाली ओढला. डॉक्टर चिठ्ठी लिहिण्यात गुंग. त्यांच्या काही ध्यानात आलं नाही. लालमहंमदच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. परक्या माणसानं आपल्या बायकोला पडदा शिकवावा! पण इलाज तो इलाज. घरी येताच त्यानं भांडी घासायचं गोणपाट दाराला टांगलं, दुसरं खिडकीला ठोकलं आणि म्हणाला, "आजपास्नं पडदा खाली. डाक्टरचा हुकूम हाय."

आठ दिवस ती बिचारी त्या कोंडलेल्या खोलीत तोंड झाकून बसली. श्वास आणखीच आखडला. नवव्या दिवशी सकाळी उठून बसताना तिला चार शब्द धड बोलता येईनात, तेव्हा लालमहंमदनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. ही गेली तर? भात्याचं एक सोडा, पण भांडायचं कुणाशी? तो तसाच दवाखान्यात जाऊन थडकला.

"साहेब, आठ दिस तिचा पडदा खालीच हाय! खिडकीबी झाकली. काडीचा फरक न्हाय!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "चूक माझी, लालमहंमद. मला एक सांगा, तुम्ही भात्यात हवा कशी भरता?"

"भरायची कशाला? भाता उघडला की ती आपल्या पायानं येती. दाबला की जाती."

"बस्स! छातीचंही तेच. फुफ्फुस आपलं आपण फुगत नाही. त्याच्याखाली मांसाचा एक पडदा असतो, उपड्या वाटीसारखा. तो आवळला की सपाट होऊन खाली जातो, पोट पुढं येतं, छातीत जागा होते आणि हवा आत शिरते. सैल सुटला की तो वर चढतो, हवा बाहेर. बाई भीतीनं आपला भाता उघडतच नाहीत."

लालमहंमद घरी आला तो दोन्ही गोणपाटं ओढून काढतच. हमिदाबीला त्यानं उताणं निजवलं आणि नव्या कल्हईची एक वाटी तिच्या पोटावर ठेवली.

"खांदे हालवायचे न्हाईत. ही वाटी वर आली पायजे. अगे, डाक्टरचा पडदा पोटात हाय, तोंडावर न्हाय!"

हमिदाबीनं उघड्या दाराकडं पाहिलं. "म्हंजी आठ दिस म्या गोणपाटाआड..." आणि तिला हसू फुटलं. आधी गालात, मग पोटातून. पोट असं गदगदलं की वाटी उडून फरशीवर ठणकन आदळली. तिनं सवयीनं बरगडी धरली. कळ आली, पण सोसवेल एवढीच. हसता हसता तिनं तीन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला होता.

वाटीला चांगला पोचा आला होता. लालमहंमदनं ती उचलली आणि चकार शब्द न काढता पुन्हा तिच्या पोटावर ठेवली.

दिवसातून चार वेळा वाटी वर, वाटी खाली. कधी कळ जास्त आली की हमिदाबी रडायची, आणि तो पोचा दाखवून तिला हसवायचा. नवरात्र आठवड्यावर आलं तेव्हा डॉक्टरांनी तिच्या पाठीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं. "तळापर्यंत हवा पोचतेय," ते म्हणाले.

हमिदाबीनं बुरख्याचा पडदा डोक्यावर टाकला. "आतला खाली गेला, साहेब. आता ह्यो वरच ऱ्हाऊ द्या." लालमहंमदनं ओरडायला तोंड उघडलं, पण त्याचे डोळेच भरून आले.

"चला, भांडी पडलीत," ती म्हणाली आणि घराकडचा चढ चढू लागली. अर्ध्यावर तिनं वळून पाहिलं. लालमहंमद खाली गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत उभा होता.

"अजी, खांद्यानं न्हाय," ती वरून ओरडली, "पोटानं घ्या!"